ड्रायर फिरतोय पण गरमच होत नाही, हीटर गेला का?

जर्सीची_सून:
मंडळी मदत हवीये. न्यू जर्सीत टाउनहाउस आहे, ड्रायर इलेक्ट्रिक, गॅसचा नाही, आधीच्या मालकांनी घरासोबतच सोडलेला. परवापासून ड्रम मस्त फिरतो, आतला दिवा लागतो, टायमर चालतो पण हवा थंडगार. टॉवेल ७० मिनिटं फिरवले तरी ओलेगच्च. टेक्निशियन नुसतं येऊन बघायचेच १२० डॉलर म्हणतोय, नवरा म्हणतो हीटरच गेला असणार, कॉइल मागवतो नि मीच बदलतो. हीटरच गेलाय हे कळणार कसं? सासूबाई पुण्याहून आल्यात, त्यांचं एकच, डेकवर दोरी बांध. पण आमच्या सोसायटीला ते चालत नाही.

ओहमचा_नियम:
ताई, कॉइल मागवायची घाई नको. आधी डायल चुकून एअर फ्लफवर, म्हणजे गरम न करता नुसती हवा देणाऱ्या सेटिंगवर, नाही ना ते बघा. हसू नका, आमच्याकडे पोराने फिरवून ठेवला होता आणि मी अर्धा ड्रायर खोलून बसलो होतो.
मग ब्रेकर. तिकडे ड्रायरला २४० व्होल्ट लागतात म्हणजे १२०-१२० च्या दोन हॉट लाइन (आपल्याकडच्या फेजसारख्या), पण मोटर आणि दिवा त्यातल्या एकीवर आणि न्यूट्रलवरच चालतात, हीटरला मात्र दोन्ही लागतात. त्यामुळे एक लाइन गेली तर ड्रम फिरतो आणि हवा गार, अगदी तुमच्यासारखंच. ३० अँपिअरचा जोडब्रेकर असेल, दिसायला ऑन दिसतो पण एक बाजू पडलेली असू शकते. पूर्ण ऑफ करा, मगच ऑन.

जर्सीची_सून:
डायल बरोबर आहे 😀 ब्रेकर दोनदा ऑफ-ऑन केला, फरक नाही. शेजाऱ्यांकडून मल्टिमीटर आणलाय, सॉकेटमध्ये घालून बघू का?

ओहमचा_नियम:
सवय नसेल तर अजिबात नको, २४० आहे ते. उलट प्लग काढा आणि मशीन बंद असतानाच तपासा. मागचं पॅनल खोललं की बहुतेक मॉडेलमध्ये हीटरचा पत्र्याचा डबा दिसतो (काहींचं पुढून खोलावं लागतं). कॉइलच्या वायर काढून ओहम बघा. ५४०० वॉटची कॉइल २४० वर म्हणजे साधारण १०-११ ओहम, ८ ते १२ मध्ये काही आलं तरी कॉइल ठणठणीत. मीटर हललंच नाही तर तुटलीय.
त्याच डब्यावर थर्मल कटऑफ असतो, बोटाच्या पेराएवढा, फार तापलं की हीटरचा करंट तोडणारा. त्याच्याही वायर काढून बघा, शून्याच्या जवळ यायला हवं. नाही आलं तर तो उडालाय, एकदा उडाला की परत जुळत नाही, बदलावाच लागतो. शेजारच्या थर्मोस्टॅटसोबत किट मिळतं, दोन्ही बदला. आणि कुणी सांगेल वायरचा तुकडा लावून डायरेक्ट करा, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

ठाण्याचा_पाऊस:
जुलैत आमच्याकडे या, दोरीवरचे कपडे तीन दिवसांनी कुबट वास मारत निघतात, ड्रायर नाही म्हणून फॅनखाली मोजे. सासूबाईंना सांगा दोरीचे पण हाल असतात.

जर्सीची_सून:
कॉइल १०.४!! कटऑफ मात्र गेलाय, मीटर हललंच नाही. नवऱ्याला दाखवलं, तो गप्प. किट मागवू ना मग?

ओहमचा_नियम:
मागवा, पण नुसता कटऑफ बदललात तर महिन्याभरात परत उडेल, कारण तो उगाच उडत नाही. हवा बाहेर जायला जागा नसली की डब्यात उष्णता कोंडते. लिंटची (कपड्यांतून निघणाऱ्या कापसाची) जाळी तर रोज साफ करत असालच, पण मागचा पाइप? भिंतीबाहेरची झडप उघडते का? ड्रायरच्या आगींचं मोठं कारण ही साफसफाई न करणंच आहे. पाइप प्लास्टिकचा किंवा चांदीच्या कागदासारखा असेल तर ४ इंची पत्र्याचा घाला, आणि मशीन भिंतीला दाबून पाइप चेपू नका.

जर्सीची_सून:
काय सांगू, पाइप काढला तर आत गादीत भरता येईल एवढा राखाडी कापूस! आणि झडपेत चिमण्यांचं जुनं रिकामं घरटं, काड्या आणि एक निळं रिबन. सासूबाई म्हणाल्या, बघ, त्यांनी पण दोरीच आणली होती. किट गुरुवारी येतंय, तोवर टॉवेल शॉवरच्या दांडीवर.