बी.एस्सी.चे दुसरे वर्ष आणि महाविद्यालयाचा फुटबॉल संघ : दोन्ही कसे सांभाळावे?

ऐरोलीची_विंगर

नमस्कार. मी नवी मुंबईतील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि मुलींच्या फुटबॉल संघात डाव्या बगलेवर खेळते. २०२२ साली नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा मी शाळेत होते. माझ्याच वयाच्या मुली घरापासून इतक्या जवळ विश्वचषक खेळत आहेत हे पाहून मी या खेळाकडे गंभीरपणे वळले.

अडचण अशी आहे की आमची प्रात्यक्षिके दुपारी असतात आणि आंतरमहाविद्यालयीन सामनेही बहुधा त्याच वेळेत लागतात. सामना सोडला तर संघातील जागा जाते आणि प्रात्यक्षिक सोडले तर जर्नल अपुरे राहते. त्याशिवाय आठवड्यातील काही संध्याकाळी मी खारघरला एका क्लबच्या सरावाला जाते. तिथून ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने घरी पोहोचून जेवण होईपर्यंत बराच उशीर झालेला असतो, आणि पुस्तक उघडले तरी वाचलेले डोक्यात राहत नाही. पदवी होईपर्यंत खेळ बाजूला ठेवावा, असे बाबांचे मत आहे. मला पुढे एम.एस्सी. करायची आहे आणि विद्यापीठाच्या संघातही निवडून यायचे आहे. ज्यांनी हे दोन्ही केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी प्रत्यक्षात काय करावे लागते ते कृपया सांगावे.

जुना_जिमखाना

मी अनेक वर्षे एका महाविद्यालयात क्रीडा विभाग सांभाळला, म्हणून आधी कागदपत्रांविषयी लिहितो, कारण चांगल्या खेळाडूंचे सर्वाधिक नुकसान मी तिथेच होताना पाहिले आहे.

मुंबई विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे सत्र मंजूर होण्यासाठी, म्हणजे परीक्षेला बसता येण्यासाठी, सरासरी ७५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ५० टक्के हजेरी लागते. खेळातील सहभागामुळे झालेली अनुपस्थिती ग्राह्य धरण्याची तरतूद त्याच नियमात आहे. मात्र त्यासाठी पुरावा सादर करावा लागतो आणि निर्णय महाविद्यालयाच्या हाती असतो. बहुतेक मुले सत्र संपताना, हजेरीत कमी पडलेल्यांची यादी फलकावर लागल्यानंतर क्रीडा विभागाकडे धावत येतात. तोपर्यंत कोणत्या तारखेला कोणता सामना होता हे कोणालाच नीट आठवत नसते आणि विषयाच्या शिक्षकांना तो सगळा प्रकार सबबीसारखा वाटतो. सामन्यांचे वेळापत्रक हाती पडताच क्रीडा संचालकांच्या सहीचे पत्र विभागप्रमुखांकडे द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि सामना झाल्यावर संघाच्या यादीची प्रत त्याच पत्राला जोडून ठेवावी. ही धारिका तू स्वतःकडे ठेव.

यातील एक गोष्ट विद्यार्थी विसरतात. हजेरीत सवलत मिळाली म्हणून प्रयोग झाला असे होत नाही. प्रात्यक्षिकासाठी वर्गाच्या दोन-तीन बॅच असतील, तर सामन्याच्या आठवड्यापुरते दुसऱ्या बॅचबरोबर बसू द्यावे, अशी विनंती आधीच करावी. प्रयोगशाळेत जागा आणि रसायने यांची सोय करायची असल्याने सकाळी येऊन दुपारची परवानगी मागणाऱ्याला नकार मिळतो. आठवडाभर आधी विचारणाऱ्याला नकार मिळालेला मी फारच क्वचित पाहिला आहे. प्रयोगशाळा साहाय्यकांनाही तुझ्या सामन्यांच्या तारखा माहीत असू देत. अर्धी सोय तेच करून देतात.

खेळाडूंना वाढीव गुण देण्याची तरतूदही विद्यापीठात आहे, जास्तीत जास्त दहा गुणांपर्यंत. त्या भरवशावर अभ्यास कमी करू नये, पण प्रमाणपत्र वेळेत जमा न केल्यामुळे ते गुण घालवूही नयेत.

घोडबंदर_फिजिओ

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि महाविद्यालयात असताना मीही फुटबॉल खेळत होते. रात्री वाचलेले डोक्यात राहत नाही, याकडे आळस म्हणून पाहू नका. नव्वद मिनिटांच्या सामन्यात खेळाडू साधारण नऊ ते अकरा किलोमीटर अंतर कापतो, आणि स्नायूंमध्ये साठवलेली साखर पूर्ववत होण्यास चोवीस तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो. अशा रात्री सेंद्रिय रसायनशास्त्रातील एखादी अभिक्रिया टप्प्याटप्प्याने कशी घडते हे नव्याने समजून घ्यायला बसणे व्यर्थ आहे. त्या दिवशी जर्नल पूर्ण करावे, आकृत्या काढाव्यात आणि झोपावे. नवा, अवघड भाग विश्रांतीच्या दिवशी सकाळी घ्यावा. तुमच्या वयात सात ते नऊ तास झोप आवश्यक आहे आणि शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते, त्यामुळे जागरण करून भरून काढलेला अभ्यास दोन्हीकडून महाग पडतो.

सरावानंतर घरी पोहोचेपर्यंत उपाशी राहू नका. केळी, उकडलेली अंडी, चणे-गूळ, पोळीची गुंडाळी, जे डब्यात नेता येईल ते खारघर स्थानकावर गाडीची वाट पाहतानाच खावे. सतत थकवा जाणवत असेल आणि लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (त्यावरून शरीरातील लोहाचा साठा कळतो) तपासून घ्यावे, कारण मासिक पाळी सुरू असलेल्या खेळाडू मुलींमध्ये लोहाची कमतरता वारंवार आढळते आणि पुष्कळदा केवळ हिमोग्लोबिन पाहून ती लक्षात येत नाही.

गुडघ्याविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. पुढचा क्रूसीय अस्थिबंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने किंवा अधिक काळ लागतो, म्हणजे शैक्षणिक वर्षाचाही मोठा भाग त्यात जातो. फिफाने प्रसृत केलेला ‘इलेव्हन प्लस’ हा वॉर्म-अप सुमारे वीस मिनिटांचा आहे, त्यात पंधरा व्यायाम आहेत आणि तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती कमी होतात हे अभ्यासांतून दिसले आहे. तुमच्या संघात तो होत नसेल, तर प्रशिक्षकांकडे मागणी करा.

माझे स्पष्ट मत विचाराल, तर महाविद्यालयाच्या स्पर्धा सुरू असताना क्लबचा सराव पूर्ण बंद ठेवावा. एकाच वेळी दोन प्रशिक्षकांचे भार एका शरीरावर नकोत.

ठाणे_पूर्व

मी अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेत असताना तेथील विद्यापीठाच्या खेळाडूंची गणिताची शिकवणी घेत असे. तिकडे महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे वेगळाच खेळ, पण अडचण हीच. तिथल्या महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचा नियम असा आहे की हंगामात संघाने खेळाडूचे दिवसाला चार आणि आठवड्याला वीस तासांपेक्षा अधिक तास घेऊ नयेत आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तो तीन तासांचाच धरतात आणि प्रवास मोजतच नाहीत. माझ्याकडे येणारी मुले नेमकी या न मोजलेल्या तासांमुळे मागे पडत.

आपल्याकडे असा नियमही नाही, म्हणून हिशेब तुम्हालाच ठेवावा लागेल, आणि त्यात लोकलचा वेळ, स्थानकापासून मैदानापर्यंतचे चालणे, सरावानंतरची आंघोळ हे सर्व धरावे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे टिकले, त्यांनी सत्राच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक प्राध्यापकाला भेटून आपल्या अनुपस्थितीच्या तारखा लेखी दिल्या होत्या. वरील सरांचा सल्ला वाचताना मला तेच आठवले.

ऐरोलीची_विंगर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. बॅच बदलून मागता येते हे मला ठाऊकच नव्हते. उद्याच विभागप्रमुखांना भेटते. दोन शंका आहेत. विद्यापीठ संघाचे शिबिर किंवा स्पर्धा सत्र परीक्षेच्या तारखांवर आली तर काय करावे? आणि क्लब खरोखरच बंद करावा का?

जुना_जिमखाना

महाविद्यालय स्वतः घेत असलेल्या परीक्षेच्या बाबतीत, प्राचार्यांची पूर्वपरवानगी घेऊन विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या विद्यार्थ्याला नंतरच्या अतिरिक्त परीक्षेला बसता येते. पूर्वपरवानगी हा शब्द अधोरेखित समज. निवडीचे पत्र येताच, शिबिराची पिशवी भरण्यापूर्वी, परीक्षा विभागात अर्ज दे. विद्यापीठ स्वतः घेत असलेल्या पेपरांसाठी ही वाट गृहीत धरू नकोस. तिथे तारखा जुळत नसतील, तर निवड चाचणीपूर्वीच क्रीडा संचालकांशी बोलून घे. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी पंचविसाव्या वर्षापर्यंत वयोमर्यादा आहे, त्यामुळे एम.एस्सी.च्या दोन वर्षांतही तुला संधी राहील. याच वर्षी सर्व काही झाले पाहिजे, असा ताण घेऊ नकोस.

क्लबबाबत मात्र फिजिओताईंशी मी पूर्ण सहमत नाही. महाविद्यालयाचा हंगाम छोटा असतो, काही संघ तर दोन सामन्यांतच बाहेर पडतात, आणि वर्षभर दर्जेदार सराव मिळतो तो क्लबमध्येच. स्पर्धेच्या आठवड्यांत एखादी संध्याकाळ ठेवावी, त्यातही धावण्याचे व्यायाम टाळून केवळ चेंडूवरील काम करावे, आणि हे क्लबच्या प्रशिक्षकांना आधी सांगावे. ते ऐकत नसतील, तर त्या काळापुरते ताईंचे म्हणणे मानावे.

बाबांविषयी एवढेच सांगतो की राज्य शासनाच्या सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे; त्यासाठी पदाच्या गटानुसार ठरावीक स्तरावरील यश लागते आणि पदाची शैक्षणिक अर्हता खेळाडूलाही पूर्ण करावीच लागते. हे त्यांना जसेच्या तसे सांग, आरक्षणाचा भाग तेवढा सांगून अर्हतेचा भाग गाळू नकोस. सामन्यांच्या आणि परीक्षांच्या तारखा एकाच कागदावर लिहून तो त्यांच्यासमोर ठेव, आणि या सत्राचा निकाल लागल्यावर पुन्हा बोलू, एवढी मुदत त्यांच्याकडून माग.