मदत हवी आहे : वडील हयात असतानाच शेतीची व्यवस्था लावायची आहे, सोलापुरात जाणकार वकील कोण?

नमस्कार मंडळी. सांगोल्याकडे आमची शेती आहे. काही आजोबांकडून आलेली, काही अण्णांनी (वडिलांनी) स्वतः विकत घेतलेली. आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी. धाकटा गावी राहून शेती करतो, डाळिंबाची बाग त्यानेच उभी केली. अण्णा हिंडते-फिरते आहेत तोवर सगळं कागदावर यावं, असं आम्हा सगळ्यांना वाटतं.

स्वकष्टार्जित जमिनीचं मृत्युपत्र अण्णा करू शकतात, पण वडिलोपार्जित जमिनीत फक्त त्यांच्या हिश्शापुरतंच, एवढं समजलंय. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही जन्मतः समान हक्क आहे. बहिणी हक्कसोड द्यायला तयार आहेत, पण गावात रीत आहे म्हणून त्यांच्या सह्या घेणं मला पटत नाही. त्यांना मोबदला मिळायलाच हवा. तो दस्तात कसा मांडतात?

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडून वाटप करावं की नोंदणीकृत वाटणीपत्र? खरी गुंतागुंत विहिरीची आहे. विहीर एकाच गटात, पाणी चौघांचं. पाण्याची पाळी, पाइपलाइन, वीजजोडणी, बांधावरची वाट हे सगळं दस्तात नीट आलं नाही तर पुढची पिढी भांडेल. शिवाय सातबारावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे.

दिवाणी आणि महसूल दोन्ही बाजू जाणणारा, चौघांना समोर बसवून समजावणारा वकील हवा. कुणी असं काम करून घेतलं असेल तर अनुभव आणि फीचा अंदाज कृपया कळवा.