सेवा क्लबांच्या सभा आणि कॉलेजांची 'वाटचाल': टाळ्या नक्की कशाला?

अनगोळकर_जुना (धागाकर्ता)

रोटरी, लायन्ससारख्या सेवा क्लबांनी कॉलेजांना सभेत बोलावून त्यांची जाहिरात करणं थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चिडण्याआधी वाचून घ्या.

गेल्या आठवड्यात मेव्हण्याबरोबर आपल्या शहरातल्या एका क्लबाच्या सभेला गेलो होतो. घंटा झाली, राष्ट्रगीत झालं, वाढदिवसवाल्यांना गुलाब देऊन झाले, मग एका प्राचार्यांनी कॉलेजची वाटचाल दाखवली. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी स्लाइड्स त्याच असतात. जुनी कौलारू इमारत, शेजारी नवी चार मजली. बीसीएची तुकडी वाढली, नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) श्रेणी सुधारली, प्लेसमेंटला अमुक-तमुक कंपन्या आल्या. पहिली दोन वाक्यं कन्नडमध्ये, भाषण इंग्रजीत आणि नंतर चहाच्या टेबलाशी सगळे मराठीत. बेळगावात हे नेहमीचंच. शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं की यंदाचा मोठा प्रकल्प म्हणजे या कॉलेजला स्मार्ट बोर्ड.

प्रवेश कसे वाढत गेले याचा रंगीत आलेख होता. पण पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षाची परीक्षा किती जण देतात, याबद्दल अवाक्षर नाही. मागच्या रांगेतल्या एका वयस्कर सदस्यानं तेवढंच विचारलं, तर "गुड क्वेश्चन सर" म्हणून पुढची स्लाइड आली!

खानापूर, चंदगड भागातली किती पोरं दुसऱ्या सेमिस्टरनंतर उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर उभी राहतात, किती गोव्याला हॉटेलात जातात, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. क्लबाला सेवा करायची असेल तर त्या पोरांची फी, खानावळीचं बिल, बसचा पास भरावा. संस्था दांडगी आहे, ती आपला बोर्ड आपण घेईल.

गेस्ट_लेक्चरर_बाई

साहेब, तुम्ही सभेत तासभर बसलात, मी वर्गात रोज उभी असते. साठांच्या वर्गात जास्तीची बाकं टाकून मुलं बसवली आहेत. अख्ख्या विभागात प्रोजेक्टर एक, तो विभागप्रमुखांच्या कपाटात कुलपात, आणि किल्ली शिपायाकडे. शिपाई रजेवर असला की त्या दिवशी मी फळ्यावर फ्लोचार्ट काढते आणि शेवटच्या बाकावरची मुलं मोबाइलमध्ये मान घालून बसतात. स्मार्ट बोर्डाला हसणं सोपं आहे.

दुसरं, 'वाढ' हा शब्द तुम्ही जरा तुच्छतेनं वापरता. १९३३ मध्ये लिंगराज कॉलेज निघेपर्यंत बेळगावच्या मुलाला पदवी घ्यायची तर गाव सोडावं लागायचं. कोल्हापूरचं राजाराम, धारवाडचं कर्नाटक कॉलेज, सांगलीचं विलिंग्डन, नाहीतर थेट पुणे. घरची शेती विकून एका मुलाला पाठवायचे, मुलीचा तर विषयच नव्हता. मग राणी पार्वतीदेवी आलं, १९६३ ला मेडिकल, १९७९ ला गोगटे इंजिनिअरिंग, १९९८ ला व्हीटीयू हे तांत्रिक विद्यापीठ, २०१० ला राणी चन्नम्मा विद्यापीठ. सात शिक्षकांनी १९१६ मध्ये केएलई ही शिक्षणसंस्था सुरू केली, तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी, वतनदारांनी पैसे दिले नसते तर काय झालं असतं? तेव्हाही कोणीतरी म्हणालंच असेल, इमारतीला कशाला, गरिबाच्या पोराला द्या.

अनगोळकर_जुना

मॅडम, १९१६ मध्ये शाळाच कमी होत्या म्हणून शाळेला पैसे देणं हीच गरिबाच्या पोराची सोय होती. आज कॉलेजं गल्लोगल्ली झालीत. अडचण दारापर्यंत येण्याची राहिलेली नाही, दारातून आत गेल्यावर टिकण्याची आहे. आणि प्रोजेक्टर कपाटात कुलूपबंद असेल तर स्मार्ट बोर्डाचीही किल्ली कुणाच्या तरी खिशातच जाणार ना?

गेस्ट_लेक्चरर_बाई

बोर्ड भिंतीला ठोकलेला असतो, साहेब. तोच तर फायदा.

१_जुलैवाले

मी एका क्लबाचा सदस्य आहे (हा क्लब नव्हे), म्हणून आतली गोष्ट सांगतो. रोटरी घ्या, लायन्स घ्या, वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष दरवर्षी नवा. आज मी दहा मुलांची खानावळ लावली तर पुढचा अध्यक्ष ती चालू ठेवेल याची हमी कोण देणार? त्याला स्वतःचा प्रकल्प हवा असतो, डायलिसिस मशिन नाहीतर ई-लर्निंग. मधेच खानावळ बंद झाली तर पोरगं आणखी वाईट अडकतं. वस्तू दिली की दिली. तिचं बिल असतं, फोटो असतो, ऑडिटला दाखवता येते.

मोठ्या रकमेचं तर आणखी वेगळं. रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटला प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो आणि परदेशातला एक क्लब जोडीला लागतो. तिकडच्या माणसाला काय दाखवणार, खानावळीच्या वहीचं पान?

अनगोळकर_जुना

म्हणजे अध्यक्षाची मुदत वर्षाची आहे म्हणून पोराची गरज वस्तूत बसवायची. तुम्ही माझाच मुद्दा जास्त चांगला मांडलात, धन्यवाद.

१_जुलैवाले

मुद्दा तुमचा नाही झाला. मी म्हणतोय जे काम ज्याला नीट जमतं ते त्यानं करावं. शिष्यवृत्ती हे सरकारचं आणि संस्थेचं काम. क्लबानं त्यात हात घातला की दोन वर्षांत यादीत सदस्यांच्या ओळखीची नावं यायला लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

जांबोटी_खालचा

तुमचं दोघांचं बी चालूदे वो. पण पोरगं वर्गात पोचलं तर बोर्ड बघणार न्हवं? कणकुंबीकडनं सकाळची गाडी येत्या ती जांबोटीतच गच्च भरलेली. ११ जून २०२३ पासनं शक्ती योजना आली, बायकांना तिकीट न्हाई. लई चांगलं झालं, माझी बहीण त्याच्यामुळंच बीकॉमला हाय, न्हाईतर दहावीनंतर घरात बसली असती. पण गाड्या हायत तेवढ्याच. पोरं दाराला लोंबकळत्यात, कंडक्टर दोन थांबे न थांबताच गाडी फुडं काढतो. आठचा तास बुडतो. पावसाळ्यात रस्ता गेला की नऊचा बी. मग सेमिस्टरच्या शेवटाला हजेरी ७५ टक्क्याच्या खाली, आणि पालकाला घेऊन ये म्हणत्यात. बाप काजूच्या बागेत कामाला, त्यानं रोजगार बुडवून यायचं काय?

पोरं सोडून जात्यात ती अभ्यास जमत न्हाई म्हणून न्हाई. त्या क्लबवाल्यांनी सगळे मिळून डेपो मॅनेजरकडं एक चक्कर मारली तर बोर्डापेक्षा जास्त काम हुईल. त्यांच्या कोटावरच्या पिनेला मान हाय, आमचं निवेदन टेबलावरच ऱ्हातंय.

गेस्ट_लेक्चरर_बाई

दादा, हे शंभर टक्के खरं. माझ्या आठच्या तासाला गावाकडची मुलं अर्ध्यातूनच येतात. पण पहिला तास साडेनऊला ढकला म्हटलं तर दुपारी अर्धवेळ काम करणारी शहरातली मुलं ओरडतात. कॉलेजनं वेळापत्रक कुणासाठी लावायचं?

मायमराठी_वडगाव

सगळे मूळ मुद्दा टाळताय. या वाढीत मराठी कुठं आहे? मराठीचे प्राध्यापक निवृत्त झाले की जागा भरली जात नाही, मग विषयाला मुलं नाहीत म्हणून विषयच बंद. अशा कॉलेजच्या स्लाइडला टाळ्या वाजवणारे आपलेच लोक!

निपाणी_वेस

वडगावकर, जागा भरत नाहीत हे खरं, पण ते सगळ्याच विषयांचं झालंय, अनुदानित कॉलेजांत जाऊन बघा. आणि राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठीचा पदव्युत्तर विभाग आहे, तिथं आपल्या घरातलं कोण शिकतंय? माझा मुलगा बीसीएला, पुतणी बीफार्मला. तुमच्या घरातली यादी टाका, मग बोलू.

आमच्याकडं बघा. देवचंद कॉलेज निपाणीला लागून, पण ते अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, विद्यापीठ शिवाजी. निपाणीचं पोरगं सायकलवरून राज्य ओलांडून कॉलेजला जातं आणि दुपारी जेवायला कर्नाटकात येतं. इकडं कर्नाटकानं २०२१ ला चार वर्षांची पदवी आणली, २०२४ ला परत तीन वर्षांवर आणली, तिकडं वेगळंच चालू. एकाच गल्लीतल्या दोन पोरांचे नियम वेगवेगळे. यातली माहिती पालकाला कोण सांगणार? महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी 'टाइप ई' हा वेगळा गट आहे, ते कित्येकांना फॉर्म भरून झाल्यावर कळतं. क्लबांनी मे महिन्यात एक टेबल टाकून दाखले काढायला मदत केली तर खर्च खुर्च्यांचा आणि चहाचा. रोटरीच्या ३१७० डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे क्लबांच्या विभागात, कोल्हापूर, बेळगाव, गोवा एकत्रच आहेत. त्यांना हे अवघड जाऊ नये.

मायमराठी_वडगाव

माझी मुलगी मराठी घेऊनच बीए झाली आहे. यादी टाकली.

१_जुलैवाले

निपाणीकरांची टेबलाची कल्पना चांगली आहे, ती मी आमच्या क्लबात मांडतो. डेपोचंही बघतो, आमच्याकडं एक निवृत्त वाहतूक अधिकारी आहेत. पण मधेच सोडून गेलेल्यांचा आकडा सभेत विचारायचा, हे माझ्याकडून होणार नाही. पाहुणा म्हणून बोलावलेल्या प्राचार्याला चारचौघांत कोंडीत पकडायचं, तर उद्या कुठलं कॉलेज आमच्या आरोग्य शिबिराला हॉल देईल?

अनगोळकर_जुना

सभेत नको, आधी पत्रानं विचारा. "येताना तीन वर्षांचे आकडे घेऊन या, पहिल्या वर्षाचे प्रवेश आणि तिसऱ्या वर्षाचे परीक्षा अर्ज." आकडे आले तर बोर्ड खुशाल द्या, मी स्वतः पाच हजार घालतो.

गेस्ट_लेक्चरर_बाई

ते आकडे ऑफिसात आहेत, नॅकच्या फायलीलाही लागतात. प्राचार्यांनी नाही दिले तर फाइल कुठल्या कपाटात आहे ते मला ठाऊक आहे, पण माझी नेमणूक दर वर्षी नव्यानं होते, म्हणून ते पत्र क्लबाच्या लेटरहेडवरच जाऊ द्या.