हिप्पींची बंडखोरी आज हवीहवीशी का वाटते?

रानवाटा

२१ ऑक्टोबर १९६७. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निघालेला मोर्चा थेट पेंटॅगॉनवर, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी मुख्यालयावर धडकला. समोर बंदुका रोखलेले सैनिक, आणि स्वेटर घातलेला एक पोरगा शांतपणे त्या नळ्यांमध्ये फुलं खोवतोय. हा फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. मला तो पाहिला की हटकून वाटतं, ही हिंमत गेली कुठे?

त्या पोरांच्या घरी सैन्यभरतीची चिठ्ठी यायची. मुलगा लढायला गेला तर बापाची मान ताठ, आणि नाही म्हणाला तर तो भित्रा. अशा समाजात ‘मी जाणार नाही, तुमची नोकरी नको, तुमचं घर-गाडीचं गणितही नको’ असं उघड म्हणणारी पिढी उभी राहिली. आज आपण ऑनलाइन निवेदनावर सही करतो आणि हप्त्यांची काळजी करत झोपतो. हिप्पींचे केस, माळा, गांजा यांच्यावर हसणारे खूप भेटतात. पण नकार देण्याची ती ताकद मला मनापासून हवीशी वाटते.

तळटीप

रानवाटा, पूर्ण असहमत. तुम्ही दोन वेगळ्या गर्द्या एक करताय. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-अ‍ॅशबरीतले हिप्पी आणि खाडीपलीकडच्या बर्कलीतले राजकीय विद्यार्थी यांचं आपसात फारसं पटत नव्हतं. १४ जानेवारी १९६७ ला गोल्डन गेट पार्कात मोठा मेळावा भरला, तोच मुळी या दोघांना एकत्र आणायला. त्यात एलएसडी या नशेचे प्रचारक टिमथी लिअरी यांनी सांगितलं काय, तर या व्यवस्थेतून बाहेर पडा. बाहेर पडणं आणि भिडणं यात फरक आहे.

नकाराचंच म्हणाल तर मुष्टियोद्धा मुहम्मद अली घ्या. २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनच्या भरती केंद्रात त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तो पुढे आला नाही. विश्वविजेतेपद गेलं, ऐन उमेदीत तीन वर्षांहून जास्त काळ रिंगणाबाहेर बसला, १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेतून सोडवलं. त्याही आधी, १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरोमध्ये चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले, नीटनेटक्या कपड्यांत. त्यांना हिप्पी म्हणणार का? शिवाय कॉलेजात नाव असलं की भरती पुढे ढकलता यायची. ती सोय खात्यापित्या घरांना होती, गरिबाच्या पोराला नव्हती.

मेथीची जुडी

तळटीप, अलीबद्दल बरोबर. पण हिप्पी म्हणजे नुसते पळून गेलेले, हे पटत नाही. हेट-अ‍ॅशबरीत ‘डिगर्स’ नावाचा गट होता. हे लोक बाजारातून उरलेली, टाकून दिलेली भाजी गोळा करायचे, मोठ्या भांड्यात रस्सा शिजवायचे आणि दुपारी चारच्या सुमारास पार्कालगतच्या पट्ट्यात रोज फुकट वाढायचे. जेवायला येणाऱ्याने एका भल्यामोठ्या पिवळ्या लाकडी चौकटीतून यायचं. भाव, पावती, पात्रता काही नाही. कॉफीच्या रिकाम्या डब्यांत गव्हाचा पाव भाजायचे. त्यांचं फुकट दुकानही होतं. १९६७ च्या उन्हाळ्यात देशभरातून हजारो पोरं तिथे येऊन पडली, तेव्हा त्यांच्या पोटाची चिंता कोणी केली? शहराच्या कारभाऱ्यांनी नाही.

त्याच जून महिन्यात डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी क्लेटन स्ट्रीटवर मोफत दवाखाना उघडला. नशेत बेशुद्ध पडलेल्याला पोलिसांची भीती न घालता तपासणारा. आरोग्यसेवा हा हक्क आहे, उपकार नाही, ही त्यांची भूमिका होती आणि तिला धरून नंतर इतर शहरांतही मोफत दवाखाने निघाले. यात नशा होती, हे मीही नाकारत नाही. पण नुसती नशा नव्हती.

म्हापसेकर

तुम्हा सगळ्यांचं कॅलिफोर्निया चाललंय, मी गोव्यातल्या हणजूण-वागातोरचं सांगतो. साठच्या दशकाच्या अखेरीस हे लोक आमच्या किनाऱ्यावर आले. खोल्या भाड्याने गेल्या, घरोघर दोन पैसे आले, हे खरं. पण गावाला न विचारता किनाऱ्यावर उघडं-नागडं वावरणं, चरसाची ये-जा, आणि त्यामागून आलेले दलाल, हेही आलं. ज्या बायका त्याच वाटेने मासळीच्या टोपल्या घेऊन जायच्या, त्यांना कोणी विचारलं का, तुम्हाला चालतं का म्हणून?

आणि प्रतिकार म्हणाल तर तो त्याच वाळूवर चालू होता. सत्तरच्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध लढा उभारला. रापण म्हणजे माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. ट्रॉलर अगदी जवळ येऊन मासळी खरवडून न्यायचे, रापणीला काही उरत नव्हतं. मोर्चे झाले, उपोषणं झाली, तेव्हा कुठे १९८० मध्ये मासेमारीच्या नियमनाचा कायदा आला. त्या लढ्याची आठवण आमच्याकडे निघते तेव्हा त्यात हिप्पी कुठे येत नाहीत. मात्र पर्यटनाच्या जाहिरातीत तेच आहेत, रापणकार नाहीत. तुमच्या हुरहुरीवर माझा राग आहे तो एवढ्यासाठी.

रानवाटा

म्हापसेकर, हे वाचून गप्प व्हायला झालं. रापणकारांचा लढा जास्त मोठा, यात वाद नाही. पण गोव्यात पोचलेला हिप्पी हा त्या लाटेचा मागचा फेस होता, असं मी मानतो. त्याच्यावरून १९६७ ची पोरं तोलू नका. ६ ऑक्टोबर १९६७ ला हेट स्ट्रीटवरून त्यांनी स्वतःच ‘हिप्पी’ची प्रेतयात्रा काढली होती, शवपेटी खांद्यावर घेऊन. कारण वर्तमानपत्रं आणि दुकानदारांनी त्यांचा बाजार मांडला होता. आपला माल होतोय हे इतक्या लवकर ओळखणारी चळवळ मला तरी दुसरी आठवत नाही.

म्हापसेकर

प्रेतयात्रा काढून मोकळे झाले, पण त्या मालाची डिलिव्हरी आमच्या दारात झाली की हो.

तळटीप

रानवाटा, परिणामांचंही बोलू. ४ मे १९७० ला केंट स्टेट विद्यापीठात ओहायो राज्याच्या नॅशनल गार्डने (राखीव सैन्याने) युद्धविरोधी निदर्शनांवर गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी गेले, नऊ जखमी. चारच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये बांधकाम कामगारांनी हेल्मेटं घालून निदर्शक पोरांना बडवलं. आणि १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन पन्नासपैकी ४९ राज्यं घेऊन परत निवडून आला. कष्टकरी माणूस दुरावण्यात या लांब केसांचा, ‘तुमचं जगणंच चूक’ या आविर्भावाचा वाटा होता, असं माझं ठाम मत आहे. ज्याला नोकरी मिळवतानाच नाकी नऊ येतात, त्याला ‘नोकरी नको’ हे क्रांतिकारक कसं वाटेल?

लोकांना हलवलं ते युद्धावरून परतलेल्या जवानांनी. २३ एप्रिल १९७१ ला वॉशिंग्टनमध्ये संसदेसमोर कुंपण घातलेलं. एकेक जण पुढे येऊन दोन शब्द बोलायचा आणि आपली पदकं कुंपणापलीकडे भिरकावायचा. शेकडो जण होते. त्यांना देशद्रोही म्हणणं सोपं नव्हतं.

मेथीची जुडी

त्या जवानांचे फोटो पुन्हा बघा, तळटीप. खांद्यापर्यंत केस, दाढ्या, कपाळाला पट्टे, लष्करी शर्टावर बिल्ले. हे त्यांनी कुठून उचललं? १९६८ च्या सुमारास छावण्यांच्या गावांत युद्धविरोधी कॉफीघरं निघू लागली, पहिलं साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियात. भिंतीला पोस्टर, गाणी, स्वस्त कॉफी, आणि सैनिकाशी माणसासारखं बोलणारी लांब केसांची पोरं. छावणीत जे बोलता येत नव्हतं ते जवान तिथे येऊन बोलायचे. १९७० मध्ये ते कोलंबियातलं कॉफीघर प्रशासनाने बंद पाडलं आणि चालवणाऱ्यांवर खटला भरला. निरुपद्रवी नशेबाजांच्या अड्ड्यासाठी कोणी एवढी तसदी घेत नाही. म्हापसेकरांचा राग मला पूर्ण मान्य आहे, पण तुमच्या त्या दोन वेगळ्या गर्द्या मला तरी तिथे एकाच टेबलावर बसलेल्या दिसतात.