‘घोस्ट ऑफ योतेई’ : पहिल्यापेक्षा दुसरा कसा वाटला? सीमाभागातल्यांनी लिहा

२ ऑक्टोबर २०२५ रोजी, दसऱ्याला, ‘घोस्ट ऑफ योतेई’ हा व्हिडिओ गेम आला. पहिला ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ जुलै २०२० मधला, म्हणजे ऐन कोरोनातला. तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणीकडची किती पोरं घरात अडकून त्या बेटावर घोडा फिरवत होती ते आपल्याला माहीत आहे. आता दुसरा भाग बऱ्याच जणांचा खेळून झालाय. शेवट कुणी फोडू नका. बाकी काय आवडलं, कुठं कंटाळा आला, पैसे वसूल झाले का, सगळं मोकळेपणानं लिहा. सुरुवात मी करतो.

टिळकवाडी, बेळगाव

मला हाताला दुसरा भाग आवडला, मनाला पहिला. त्सुशिमात नायक जिन साकाईचं खरं भांडण मंगोलांशी नाहीच, ते मामाशी आहे. शिमुरा मामानं त्याला वाढवलं, शत्रूच्या डोळ्याला डोळा भिडवून लढायला शिकवलं. आणि बेट वाचवायचं तर लपून, पाठीमागून मारावं लागतं. गवतातून वार केला की मामा काय म्हणेल हे आधी मनात यायचं.

योतेईची नायिका अत्सू, तिला तसली अडचण नाही. साईतो आणि त्याच्या पाच साथीदारांनी तिचं घर संपवलं, तिला जळत्या गिंकोच्या झाडाला तलवारीनं खिळवलं आणि निघून गेले. सोळा वर्षांनी ती सहा नावं लिहिलेला कमरपट्टा बांधून परत येते. सूड सरळ आहे, त्यामुळं सुरुवातीचे बरेच तास मला तिच्याबद्दल कुतूहल होतं, जीव अडकला नव्हता.

तो अडकला तिच्या जुन्या घरात. तिथं एक बटण दाबलं की मोडकं घर एका क्षणात सोळा वर्षं मागं जातं. त्याच अंगणात आई, तीच भट्टी पेटलेली, खोलीत सामान जागच्या जागी. पुन्हा दाबलं की सगळं ओसाड. मध्ये थांबणं नाही, पडदा काळा होणं नाही. मी पुढं जायचं सोडून एकेका कोपऱ्यात उभा राहून ते बटण दाबत होतो. संवाद लिहून जे जमलं नसतं ते तिथं झालं. पुढं गोष्टीत हे फार थोड्या ठिकाणी वापरलंय, हीच माझी तक्रार.

उद्यमबाग

मी फौंड्रीत आहे, दिवसभर लोखंडाशीच काम. गोष्टीचं दादांनी लिहिलंच आहे, मी लढाईचं लिहितो.

त्सुशिमात तलवार एकच आणि पवित्रे चार होते. समोर ढालवाला आला की पवित्रा बदलायचा. योतेईत हत्यारंच बदलायची. ढाल असेल तर कुसारीगामा म्हणजे साखळीचा विळा, धिप्पाड गडी असेल तर ओदाची ही लांबलचक तलवार, भालेवाल्यावर दोन हातात दोन तलवारी. सगळी एकदम मिळत नाहीत. एकेक हत्यार त्याच्या त्याच्या उस्तादाकडं जाऊन शिकावं लागतंय, आणि हे मला लै आवडलं. शिकताना हात चुकतोय, उस्ताद परत करायला लावतोय. आमच्यात मोल्डिंग शिकणाऱ्या पोराला तसंच शिकवतात.

शत्रू तुमच्या हातातलं हत्यार उडवतोय, तेव्हा पळत जाऊन उचलायचं नाहीतर दुसरं काढायचं. पडलेला भाला उचलून फेकताही येतोय. काळ १६०३ चा असल्यामुळं तोड्याची बंदूकही आहे. खरं एक सांगतो, पाच हत्यारं, वर धनुष्य, कुणाई म्हणजे फेकायचे सुरे, धुराचे गोळे, आणि हे सगळं घाईत बदलायचं म्हटलं की सुरुवातीला बोटं अडखळतात. चार-पाच जण अंगावर आले की कॅमेरा अजून मागच्यासारखाच दगा देतोय.

बापाच्या भट्टीवर अत्सू लहानपणी हातोडा मारते तो भाग आहे. तापलेल्या पट्टीचा रंग बघून मला बरं वाटलं. कुणीतरी खरी भट्टी जवळून बघितलेली दिसते.

वडगाव

आमच्या घरात माग होते, आता एकच चालू आहे. मला कपडे बघायची सवय, त्यामुळं माझं लिहिणं वेगळं वाटेल.

त्सुशिमात फुलं गोळा करून रंगाऱ्याकडं द्यायची आणि चिलखताचा रंग बदलून घ्यायचा. मी तासन्‌तास फुलंच वेचली आहेत. योतेईतही रंग आहेत, पण मला तिथं ओढ लागली ती शामिसेनची. तीन तारांचं वाद्य, अत्सूच्या आईचं. कंट्रोलरवरच्या टचपॅडवर बोट फिरवून ते वाजवायचं. सुरावटी वेगवेगळ्या शिकता येतात, आणि काही वाजवल्या की वारा तुम्हाला त्या सुरावटीशी जोडलेल्या जागेकडं नेतो.

आमची आजी बाजूला बसून बघायची. तिला इंग्रजी येत नाही, मराठी सबटायटल नाहीत, मी थोडं थोडं सांगायचे. लढाई लागली की ती उठून आत जायची. रात्री अत्सू शेकोटी पेटवून, मासे भाजून, वाद्य घेऊन बसली की परत यायची. “बाई एकटीच फिरते का गं सगळीकडं?” असं तिनं विचारलं. मी म्हटलं, एक लांडगीण आहे सोबतीला, कधी येते कधी नाही. मग तिला फक्त लांडगीण आली का एवढंच बघायचं असायचं.

खानापूर तालुका, जांबोटीकडचं गाव

आमच्याकडं पावसात चार महिने बाहेर पडायची सोय नाही, भीमगडचं जंगल जवळच. जंगल कसं चालतं ते ठाऊक आहे म्हणून लिहितो.

या खेळात पडद्यावर बाण, ठिपके, रस्ता दाखवणाऱ्या रेघा नाहीत. जायची दिशा वारा दाखवतो, गवत त्या बाजूला झुकतं. हे पहिल्या भागातही होतं. दुसऱ्यात दुर्बीण दिलीय. उंचावर चढायचं, धूर दिसतो का, पक्षी कुठं घिरट्या घालतात बघायचं, मग तिकडं निघायचं. नकाशे विकणारा असतो, त्याच्याकडचा कागद आपण स्वतः मोठ्या नकाशावर सरकवून, डोंगर-नदीच्या रेघा जुळवून बसवायचा. इतकं साधं काम, पण ती जागा मग आपण शोधल्यासारखी वाटते. नवख्या माणसाला कणकुंबीच्या वाटेवर सोडलं तर तोही असाच डोंगराची धार बघून चालेल.

योतेई पर्वत खराखुरा आहे, १८९८ मीटर उंच, जवळपास फुजीसारखाच आकार. खेळात जवळजवळ कुठूनही दिसतो आणि त्यामुळं माणूस हरवत नाही. बर्फ, पिवळी पानं, पांढऱ्या फुलांची मैदानं, सगळं डोळे निवतील असं. फक्त इनामाची माणसं पकडण्याची कामं पुढं पुढं एकसारखी होत जातात. तीस तास खेळल्यावर छावणीवर हल्ला करायचा कंटाळा येतो. मी शेवटी ती सोडून कोल्ह्यांच्या मागंच फिरलो.

बेळगाव, शाळेत इतिहास शिकवते

पोरं विचारतात, “टीचर, हे खरं आहे का?” म्हणून थोडं सविस्तर.

१२७४ साली मंगोल फौज त्सुशिमा बेटावर उतरली हे खरं. तिथला सरदार सो सुकेकुनी मूठभर स्वारांनिशी लढला आणि पडला, हेही खरं. जिन साकाई काल्पनिक. त्याच्या हातातली कताना तलवार त्या रूपात नंतरची, आणि तो जे हायकू रचतो तो प्रकार तर सतराव्या शतकात घडला. तेराव्या शतकावर नंतरच्या काळाचा पोशाख चढवलाय, पण तो इतक्या प्रेमानं चढवलाय की मला राग येत नाही.

योतेईचं साल निवडण्यात मला जास्त समज दिसली. १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई झाली, १६०३ मध्ये तोकुगावा इएयासू शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, झाला. हरलेल्या बाजूचे किती सामुराई धन्याविना उरले. अशा वेळी उत्तरेकडचं एझो, म्हणजे आजचं होक्काइदो. तिथं दक्षिणेच्या टोकाला मात्सुमाए घराणं, बाकी मुलूख ऐनू लोकांचा. शोगुनाचा हात पुरता पोचलेला नाही. साईतोसारख्या माणसाला तिथं स्वतःचं राज्य मांडावंसं वाटणं पटतं. वर्गात मी हेही सांगते की त्याच साली आपला मुलूख विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाकडं होता आणि शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून सत्तावीस वर्षं होती. साल असं शेजारी ठेवलं की पोरांना त्याचा अर्थ लागतो.

ऐनूंबद्दल मात्र मनात सल राहिला. त्यांना मूळनिवासी म्हणून जपानी कायद्यानं मान्यता मिळाली ती २०१९ मध्ये. खेळात त्यांची वस्ती, कपडे, गाणी आदरानं दाखवली आहेत, त्यांच्या मुलखात गेल्यावरचा भाग सुंदरच आहे. पण गोष्ट चालवणारे जपानीच राहतात. घरात एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरीच भाषा ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला, दोन लोकांच्या सीमेवरची ती गावं अजून हवी होती. त्यांची आपसातली भांडणं, सोयरिकी, व्यापार, सगळंच.

येळ्ळूर

टीचरनी लिहिलंय त्यात भर. २०२० च्या सप्टेंबरात वादळानं खऱ्या त्सुशिमातल्या वाताझुमी देवळाची तोरी कमान पडली. ती उभी करायला लोकवर्गणी निघाली तेव्हा गेम खेळणाऱ्यांनीही पैसे पाठवले. आम्ही राजहंसगडावर झुडपं काढायला जातो, त्या ग्रुपवर मी ही बातमी टाकली होती. दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोरांना आता गडावर पण न्यायचं ठरलंय.

निपाणी

मी खेळत नाही, माझा मुलगा खेळतो, तो इंजिनिअरिंगला आहे. इथं सगळे कौतुक करतायत म्हणून पालकांसाठी दोन ओळी. हा खेळ १८ वर्षांवरच्यांचा आहे. रक्त भरपूर आहे, हातपाय तुटतात. धाकटा सहावीत आहे, त्याला आम्ही बसू देत नाही. नवी डिस्क पाच हजारांच्या घरात जाते आणि तंबाखूच्या धंद्यात सगळे महिने सारखे नसतात. मुलगा मित्राबरोबर निम्मे निम्मे घालून घेतो, झाल्यावर विकतो. हे बरं वाटलं.

चिकोडी

“मुलगी कशाला घेतली, जिनच हवा होता” असं आमच्या ग्रुपमध्ये दोघं म्हणत होते. माझा कन्नड दोस्त त्यांना म्हणाला, कित्तूरला जाऊन ये. १८२४ मध्ये राणी चन्नम्मानं कंपनीची फौज परतवली, कलेक्टर थॅकरे तिथंच पडला. हे आपल्या जिल्ह्यातलं. मग अत्सूनं सहा जणांना अंगावर घेतलं तर अशक्य काय? माझंही तेच मत. अत्सू चिडते, दारू पिते, भांडते, आणि तरी पोरांशी बोलताना आवाज मऊ होतो. मला ती जिनपेक्षा जास्त माणूस वाटली.

आता माझा प्रश्न. माझ्या चुलतभावाकडं पीसी आहे, पीएस फाइव्ह (सोनीचं प्लेस्टेशन ५) नाही. त्यानं काय करावं?

टिळकवाडी (धागा काढणारा)

चिकोडीकर, भावाला आधी त्सुशिमा घ्यायला सांगा. तो मे २०२४ पासून पीसीवर आहे, सवलतीत मिळतो. योतेई आला तो पीएस फाइव्हवरच. दोन्ही गोष्टींमध्ये ३२९ वर्षांचं अंतर आहे, त्यामुळं एक न खेळता दुसरा खेळला तरी काही अडत नाही. ज्यांनी उलट्या क्रमानं खेळलंय, आधी योतेई मग त्सुशिमा, त्यांचे अनुभव अजून आलेले नाहीत. ते नक्की लिहा.