विषय: स्तनाच्या कर्करोगाची लस – एचएलए आणि स्कॅनचा घोळ

नमस्कार मंडळी,
कर्करोग उलटू नये म्हणून देतात त्या लसीच्या ट्रायलमध्ये आधी एचएलए का तपासतात? आणि २०१६ ची मोठी ट्रायल मध्येच का थांबवली? कुणी नीट समजावेल का?
– मेधा

मेधाताई,
या लसींत असलेला ई७५ किंवा जीपी२ म्हणजे हर-टू या कर्करोगाच्या पेशींवरच्या प्रथिनाचा जेमतेम ९ अमिनो आम्लांचा तुकडा. तो पेशीवरच्या एचएलए रेणूच्या खाचेत बसला, तरच टी-पेशीला (रोगट पेशी मारणाऱ्या प्रतिकारपेशीला) दिसतो. एचएलएचे प्रकार माणसागणिक वेगळे असतात आणि हे तुकडे त्यातल्या ए२ प्रकाराच्या खाचेत बसतात, म्हणून ती तपासणी आधी.

टोचतात कातडीच्या थरातच, स्नायूत नाही. सोबत जीएम-सीएसएफ असतं, ते त्या जागी प्रतिकारपेशी गोळा करतं. पहिले ६ महिने दरमहा, मग दर ६ महिन्यांनी बूस्टर. ४८ ते ७२ तासांनी टोचल्या जागचा लाल, कडक चट्टा मोजतात. तो दिसला म्हणून घाबरू नये. फारच मोठा झाला तर पुढच्या वेळी जीएम-सीएसएफचा डोस कमी करतात.

आता २०१६. ई७५ च्या त्या ट्रायलमध्ये ७५८ जणी होत्या, हर-टू कमी असलेल्या आणि काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेल्या. तुलनेच्या गटाला नुसतं जीएम-सीएसएफ. मध्यंतरीच्या हिशेबात फायदा दिसेना, म्हणून थांबवली. पण एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: नियमाप्रमाणे दरवर्षी स्कॅन होता. एरवी लक्षणं नसताना असे स्कॅन करत नाहीत. लसीच्या गटात रोग उलटल्याच्या निम्म्याहून जास्त नोंदी लक्षणांवरून नव्हे, तर या स्कॅनवरून झालेल्या होत्या, दुसऱ्या गटात साधारण तीस टक्केच. शिवाय तेव्हा सरासरी दीडएक वर्षही लोटलं नव्हतं. टी-पेशी तयार होऊन कामाला लागायला वेळ लागतो. यावरून लस चालते असं सिद्ध होत नाही, पण निकाल कच्चा राहिला हे खरं.
– अनिरुद्ध

अनिरुद्ध, भर घालते. जीपी२ च्या फ्लेमिंगो-०१ या ट्रायलमध्ये ट्रॅस्टुझुमॅब या हर-टूविरोधी औषधाचे उपचार झाल्यावर लस देतात, तेही हर-टू पॉझिटिव्ह असलेल्यांनाच. मोठी गाठ प्रतिकारशक्ती दाबून ठेवते, म्हणून रोग डोळ्याला दिसेनासा झाल्यावरच लस. कुणी भाग घेणार असेल, तर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, हे सांगायला विसरू नये. स्टेरॉइडने टी-पेशी मंदावतात. आणि रिकरन्स (रोग उलटला असं) कशावरून धरणार, ते संमतीपत्र देण्याआधी जरूर विचारा.
– शुभांगी