व्हॅक्यूम पंपाला आणि बेअरिंगला एकच तेल चालेल का?

प्रश्न:
नमस्कार. वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूचा छोटा कारखाना असून पाकिटे निर्वात करण्यासाठी रोटरी व्हेन पंप (फिरत्या पात्यांनी हवा ओढून काढणारा) आहे. पावसाळ्यात पंपाचे तेल संपले, तेव्हा ड्रायरच्या पंख्याच्या बेअरिंगसाठी आणलेले २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल त्यात भरले. आठवडाभरात ते तेल काचेतून ताकासारखे पांढरे दिसू लागले आणि पाकिटे सैल राहू लागली. दोन्हीकडे चालणारे एखादे तेल आहे का?

उत्तर १:
बेअरिंगला तेलाचा टिकाऊ थर मिळाला की पुरते, पण पंपात तेलच पात्यांच्या फटी बुजवत असल्यामुळे त्या तेलाची स्वतःची वाफ होता कामा नये. इंजिन ऑइलमध्ये लवकर वाफ होणारे हलके अंश असतातच, शिवाय काजळी आणि पाणी धरून ठेवणारी डिटर्जंट द्रव्येही असतात. इंजिनात हा गुण ठरतो. पंपात मात्र पाणी तळाशी बसून निघून जाण्याऐवजी तेलातच घुटमळत राहते. २० अंशांना पाण्याचा बाष्पदाब (वाफेचा दाब) सुमारे २३ मिलिबार असतो आणि तापलेल्या पंपात तो कितीतरी वाढतो, त्याखाली पंप दाब नेऊ शकत नाही, मग पाकिटे घट्ट होणार कशी?

उत्तर २:
पंप गरम असतानाच तेल काढा, पंपाचेच तेल भरून अर्धा तास चालवा, तेही काढून टाका आणि मग नवे भरा. एका बदलीत काम होत नाही, हा माझा अनुभव आहे. तेलाचा ग्रेड पंपाच्या पाटीवर पाहावा. गॅस बॅलास्टची (पंपात थोडी बाहेरची हवा सोडणाऱ्या झडपेची) सोय असेल तर रोज काम संपल्यावर ती उघडून पंप २०-३० मिनिटे चालू ठेवावा, म्हणजे मुरलेली वाफ बाहेर पडते.

उत्तर ३:
पंख्याकडेही पाहा. टर्बाइन ऑइल ६८ म्हणजे ४० अंशांना ६८ सेंटिस्टोक (तेलाच्या दाटपणाचे माप). ७० अंशांना ते साधारण २० वर येते, आणि बॉल बेअरिंगला चालू तापमानात निदान १३ लागतात, म्हणजे ते पुरते. पंखा बंद असताना तेल सर्वांत खालच्या गोळीच्या मध्यापर्यंतच असावे. काठोकाठ भरले तर घुसळून तापते. हलक्या पंख्याला पंपाचे तेल अडीनडीला चालेल, पण उलटे करू नये.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. काढलेले तेल बाटलीत दोन दिवस ठेवले, तरी पाण्याचा थर वेगळा झालेला नाही.